बाथरूमच्या जुन्या टाइल्सवरच नव्या लावताय? या चुका टाळा

फोडाफोड नको, राबिट उचलायची कटकट नको, खालच्या मजल्यावरून तक्रार नको, म्हणून भिंतीवरच्या जुन्या टाइल्स तशाच ठेवून वरून नव्या लावायच्या. विचार वाईट नाही. आम्हीही तेच केलं. सहा महिन्यांत शॉवरखालच्या तीन टाइल्स हातात आल्या. मागची जुनी टाइल आरशासारखी स्वच्छ, सिमेंटचा कणही तिला धरलेला नव्हता.

गवंड्याने नेहमीचा सिमेंटचा मसाला लावला होता, आणि आम्ही विचारलंही नव्हतं. सिमेंट वीट-प्लास्टरच्या बारीक छिद्रांत शिरून पकडतं. टाइलचं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत थर, पाणीच पीत नाही, तर ते पकडणार कशाला? इथे पॉलिमर असलेलं टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागतं. गोणीवर आयएस १५४७७ हा क्रमांक बघा आणि जुन्या टाइलवर चालतं असं स्पष्ट लिहिलंय का तेही वाचा. स्वस्तातली गोणी बहुतेक वेळा फक्त प्लास्टरवर लावण्यासाठी असते.

अ‍ॅडहेसिव्ह आणलं तरी मिस्त्रीचा हात सिमेंटचाच राहतो, खरी गोम तिथे आहे. टाइल्स बादलीत भिजत घालणं ही सिमेंटची रीत. अ‍ॅडहेसिव्हला टाइल कोरडी हवी, मागची धूळ पुसलेली. टाइलच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे ठेवून दाबून बसवणं तर सर्रास चालतं. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, तिथे पाणी साचतं आणि पुढे ड्रिल लावलं की टाइल तडकते. दातेरी थापीने भिंतीवर सलग थर ओढायला लावा, मोठ्या टाइलला मागूनही पातळ हात मारायला सांगा. लावलेली एखादी टाइल लगेच उचलून बघा: पाठ पूर्ण भरलेली दिसली पाहिजे. घमेल्यातला माल घट्ट व्हायला लागला की पाणी टाकून सैल करतात, तेही करू देऊ नका. तो माल गेला.

त्याआधी जुनी भिंत तपासा. नाण्याने प्रत्येक टाइल वाजवा. बद्द आवाज आला की ती टाइल काढून तो खड्डा आधी भरून घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी पोकळ वाजत असेल तर मुकाट्याने सगळं फोडा, कारण नव्या टाइलचं वजन शेवटी त्या जुन्या मसाल्यावरच येणार. भिंत चांगली असेल तर साबणाचा थर, तेल, बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार घासून काढा आणि ग्राइंडरने ग्लेझ खरवडा. छिन्नीने टोचे मारू नका, धक्क्याने चांगल्या टाइल्सही सुटतात.

गळती झाकायला टाइलवर टाइल लावणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. दोन दिवस बाथरूम वापरू नका, पण पाइपमधलं पाणी बंद करू नका, मेन कॉक उघडाच ठेवा. ओल तशीच राहिली किंवा वाढली तर संशय भिंतीतल्या पाइपवर. आंघोळीनंतरच वाढत असेल तर टाइल्सचे सांधे आणि नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जातं ती जाळीखालची कुंडी) बघा. आधी प्लंबर, मग टाइल.

नवी टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून भिंत साधारण अर्धा इंच पुढे येते. नळांना एक्स्टेन्शन, स्विचबोर्डला लांब स्क्रू लागतात, दाराची चौकट आत जाते. कन्सिल्ड डायव्हर्टरचं (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा, भिंतीत बसवलेला कॉक) तोंड फार आत गेलं तर वरची प्लेटच बसत नाही, म्हणून काम सुरू होण्याआधी प्लंबरला दाखवा.

ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटींत भरायचा माल, दुसऱ्या दिवशी भरा. शॉवरच्या बाजूला इपॉक्सी ग्राउट परवडत असेल तर तेच घ्या. कोपऱ्यात, जिथे दोन भिंती मिळतात तिथे, ग्राउटऐवजी सिलिकॉन. आणि गिझर परत टांगताना जुनेच फास्टनर वापरू नका. अर्धा इंच नव्या थरातच जातो, विटेत पकड कमी उरते, आणि २५ लिटरच्या गिझरमध्ये नुसतं पाणीच २५ किलो असतं. लांब फास्टनर आणा.