कॅनडात इलेक्ट्रिक गाडी: बॅटरीइतकेच ब्रेकही सांभाळा

इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटली की ब्रॅम्प्टन असो वा कॅलगरी, पहिला प्रश्न ठरलेला: उणे वीसमध्ये बॅटरी टिकेल का? टिकते. बहुतेक कंपन्या तिच्यावर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, आणि तिचं तापमान राखायला बहुतेक नव्या गाड्यांत वेगळी यंत्रणा असते. गाडी अडते ती भलत्याच कारणांनी. घरचं कच्चं वायरिंग, 12 व्होल्टची छोटी बॅटरी आणि रस्त्यावरच्या मिठाने गंजलेले ब्रेक.

आधी घरची वीज

साध्या 120 व्होल्टच्या सॉकेटवर गाडी चार्ज होते, पण 15 अँपियरच्या सर्किटवर सलग भार 80 टक्क्यांपुरताच घेता येतो. म्हणजे 12 अँपियर, 1.4 किलोवॅट, रात्रीच्या दहा तासांत जेमतेम 14 युनिट. उन्हाळ्यात मध्यम गाडी 100 किलोमीटरला 16 ते 18 युनिट खाते, तेव्हा रोजच्या पन्नास-साठ किलोमीटरला एवढं पुरतं. कडक थंडीत तोच आकडा 25 च्या पुढे जातो. शिवाय गारठलेली बॅटरी ऊबदार ठेवण्यातच त्या 1.4 किलोवॅटचा मोठा वाटा खर्ची पडतो. रात्रभर लावूनही सकाळी टक्का हललेला नसला तर गाडी बिघडली असं समजू नका. भाड्याच्या घरात असं चालवून घ्यायचं असेल तर एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नका आणि त्याच सर्किटवर फ्रीझर किंवा हीटर नाही हे ब्रेकर पाडून तपासा.

प्रेअरी प्रांतांत (अल्बर्टा, सास्काचेवान, मॅनिटोबा) पार्किंगमध्ये पेट्रोल गाड्यांचं इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरसाठी सॉकेट असतात. अनेक ठिकाणी त्यांची वीज हवामानानुसार आळीपाळीने चालू-बंद होते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर गाडी घेण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारा.

स्वतःच्या घरात 240 व्होल्टचा चार्जर बसवा. 40 अँपियरच्या ब्रेकरवर 32 अँपियर, म्हणजे सुमारे 7.7 किलोवॅट मिळतात. बहुतेक घरांना तेवढं पुरे. 60 अँपियरचा ब्रेकर 11.5 किलोवॅट देतो खरा, पण कित्येक गाड्यांचा आतला चार्जर तेवढं घेतच नाही. जुन्या घरांत मुख्य पॅनल 100 अँपियरचं असतं आणि शेगडी, ड्रायर, एसी सगळं विजेवर असेल तर हिशेब बसत नाही. अशा वेळी थेट 200 अँपियरची सर्व्हिस, म्हणजे घराला येणारी मोठी वीजजोडणी, घ्यायला निघू नका. घराचा भार वाढला की चार्जर बंद करणारं आणि उतरला की चालू करणारं लोड मॅनेजमेंटचं उपकरण इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. ते पॅनल बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

चार्जर सॉकेटला लावावा की वायर थेट जोडावी? थेट जोडा. स्वस्तातलं 14-50 सॉकेट (शेगडीचं 240 व्होल्टचं मोठं सॉकेट) कधीमधी वापरायच्या शेगडीसाठी ठीक असतं. तासन् तास 32 अँपियर वाहिले की त्याची पकड सैल होते, सैल जागी उष्णता साठते आणि प्लास्टिक वितळतं. सॉकेटच हवं असेल तर इंडस्ट्रियल दर्जाचं घ्या, स्क्रू मोजून ठरलेल्या जोरानेच (टॉर्क) कसायला सांगा आणि प्लग रोज काढू-घालू नका. तासभर चार्जिंग झाल्यावर प्लगच्या बाहेरून हात लावून पाहा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला किंवा तपकिरी डाग दिसला तर ब्रेकर पाडा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

ऑन्टारियोत या कामाची नोंद इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे व्हायला हवी, क्वेबेकमध्ये काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. चार्जरवर सीएसए किंवा सीयूएल ही कॅनडातली सुरक्षा-मान्यतेची खूण नसेल तर तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तपासणीत तो नापास होईल आणि आग लागलीच तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळेल.

ऑन्टारियोत 2023 पासून रात्री 11 ते सकाळी 7 अतिस्वस्त दराची योजना आहे. मात्र त्याच योजनेत कामाच्या दिवशी दुपारी 4 ते रात्री 9 वीज फार महाग असते. संध्याकाळचा स्वयंपाक आणि हीटिंग विजेवर असेल तर जुनी बिलं समोर ठेवून गणित करा. चार्जिंग 11 ला सुरू करण्यापेक्षा निघायच्या वेळेच्या थोडं आधी संपेल असं लावा. सकाळी बॅटरी ऊबदार मिळते.

थंडीत रेंज

फेब्रुवारी 2025 मध्ये कॅनेडियन ऑटोमोबाइल असोसिएशनने उणे 7 ते उणे 15 अंशांत घेतलेल्या चाचणीत गाड्यांची रेंज 14 ते 39 टक्क्यांनी घटली. एवढी तफावत मॉडेलनुसार पडते, म्हणून घेतानाच हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून कमी विजेत केबिन तापवणारी यंत्रणा) आहे का ते पाहा. कडाका फार वाढला की हीट पंपाचाही फायदा कमी होतो, त्यामुळे निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच केबिन तापवून घ्या. चार्जर 240 व्होल्टचा असेल तर ती ऊर्जा भिंतीतून येते. 120 वर हीटरची भूक भागत नाही आणि उरलेली बॅटरीतून जाते. एकट्याने जात असाल तर सीट आणि स्टिअरिंगचं हीटिंग लावून हवेचं तापमान दोन अंश उतरवा.

रोजच्या वापराला 80 टक्के पुरे. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा 100 टक्के करायला सांगतात, कारण त्याशिवाय गाडीला शिल्लक नीट मोजता येत नाही.

ब्रेक: न वापरल्यानेच बिघडतात

इलेक्ट्रिक गाडीचा वेग बहुतांश वेळा मोटरच उतरवते. पॅड झिजत नाहीत याचं कौतुक होतं, पण पॅड डिस्कवर घासलेच नाहीत तर गंज निघणार कसा? मीठ आणि ओल कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिनपर्यंत, म्हणजे तो ज्यावर सरकतो त्या खिळ्यांपर्यंत, पोचते, पिन जाम होतात आणि मग एकच पॅड सतत टेकून राहतो किंवा अजिबात टेकत नाही. मागच्या चाकांना हा त्रास जास्त.

आठवड्यातून एकदा, मागे कोणी नाही हे पाहून, 70-80 च्या वेगावरून गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि ब्रेक ठाम दाबून 20 पर्यंत आणा. असं तीन-चारदा करा. रस्ता कोरडा हवा, बर्फावर हा प्रयोग नको. गाडी धुतल्यावर लगेच उभी करून ठेवण्याआधी ब्रेक वापरून डिस्क कोरडी करा.

वर्षातून एकदा, शक्यतो वसंतात टायर बदलताना, कॅलिपर उघडून पिन साफ करायला आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावायला सांगा. साधं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर आतले रबर फुगतात आणि पिन अधिकच अडकतात. "पॅड नव्यासारखे आहेत, काही करायची गरज नाही" असं मेकॅनिक म्हणाला तरी पिन पाहायलाच लावा. थोडं चालवल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागणं, डिस्कच्या चकचकीत पट्ट्यात गंजाचं कडं दिसणं, ब्रेक लावताना करकर ऐकू येणं, ही अडकल्याची लक्षणं. ब्रेक फ्लुइड ओल शोषतं. दर दोन-तीन वर्षांनी त्यातलं पाण्याचं प्रमाण मोजून घ्या.

गंजरोधक तेल मारून घ्यायचं तर इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती असलेल्याच दुकानात जा. नारिंगी (उच्च दाबाच्या विजेच्या) केबल, त्यांचे कनेक्टर आणि बॅटरीच्या पेटीला कुठेही भोक पाडू देऊ नका.

12 व्होल्टची बॅटरी

मोठ्या बॅटरीत 70 टक्के असताना गाडी ठार बंद, असं घडतं ते हिच्यामुळे. मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) हिच्यावर चालतात. ही मेली की स्क्रीन काळी, दार उघडत नाही, चार्जरची केबलही अडकते. शिसे-आम्ल प्रकारची असेल तर तिसऱ्या वर्षापासून दर ऑक्टोबरात लोड टेस्ट (भार टाकून बॅटरीची चाचणी) करा. गाडी तासन् तास शांत उभी असताना मीटरवर 12.2 व्होल्टच्या खाली दिसलं तर हिवाळ्याआधी बदला. दार हाताने उघडायची कळ आणि बाहेरून वीज द्यायचे टर्मिनल कुठे आहेत हे मॅन्युअलमधून आजच पाहून ठेवा. दुसऱ्याच्या गाडीला मात्र तुमच्या इलेक्ट्रिक गाडीवरून जंप देऊ नका. बहुतेक कंपन्या तसं स्पष्ट बजावतात.

टायर

क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. सक्ती नसली तरी सरासरी तापमान 7 अंशांखाली गेलं की घाला. गाडी जड असते, म्हणून लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. तापमान साडेपाच अंश उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण 1 पीएसआय (दाबाचं एकक) उतरतो. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे वीसमध्ये सात पीएसआयने कमी भरते, तेव्हा ती बाहेर, थंड टायरवर तपासा. जॅक फक्त ठरलेल्या चार जागीच लावायचा. बॅटरीच्या तळाला तो टेकला तर खर्च हजारो डॉलरचा आहे. टायर बदलल्यावर चाकांचे नट 100 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा कसून घ्या.

लांबचा प्रवास

गाडीच्याच नकाशात फास्ट चार्जर हे ठिकाण म्हणून घाला, म्हणजे वाटेत बॅटरी तापवायची यंत्रणा सुरू होते. थंड बॅटरी तिथे कासवाच्या गतीने वीज घेते आणि मिनिटावर पैसे आकारणाऱ्या चार्जरवर त्याचा भुर्दंड बसतो. 80 टक्क्यांपुढे वेग पडतो, तेव्हा निघा. उत्तर ऑन्टारियोत 17 नंबरच्या हायवेवर चार्जर विरळ आहेत. तिथे 20 टक्क्यांच्या खाली जाऊ नका आणि पुढचा चार्जर बंद निघाला तर कुठे जायचं हे आधी ठरवा. ॲप आणि कार्ड घरीच सुरू करून घ्या, कारण मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

चार-सहा आठवडे भारतात जाताना

डिसेंबरात गाडी ड्राइव्हवेवर ठेवून जायची असेल तर प्लग लावून ठेवा आणि मर्यादा 50-60 टक्के करा. सतत पहारा देणारे कॅमेरे आणि केबिनचं तापमान राखणारी सोय बंद करा. पुण्यात बसून ॲपवर दर तासाला टक्का बघत राहिलात तर प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि शिल्लक उतरते. आठवड्यातून एकदा पुरे. विमानतळावर प्लगविना ठेवणार असाल तर 70-80 टक्क्यांवर सोडा, आणि 12 व्होल्टची बॅटरी जुनी असेल तर जायच्या आधीच बदला. बूस्टर पॅक (12 व्होल्टची बॅटरी उतरल्यावर वीज देणारं छोटं उपकरण) डिकीत ठेवू नका. ही बॅटरी उतरल्यावर बऱ्याच गाड्यांची डिकी उघडत नाही.