डॅमेज आधी की ट्रिगर? कॉम्बॅटचा हिशोब कसा लावायचा

अटॅक झाला, ब्लॉक ठरले, की टेबलावर दोघं एकदम बोलायला लागतात, "थांब थांब, माझा ट्रिगर आधी!" (ट्रिगर म्हणजे ठरावीक गोष्ट घडली की कार्डचा आपोआप सुरू होणारा परिणाम.) मी पण कित्येक महिने हे भांडण उगाच घातलंय. मी इथे मॅजिक द गॅदरिंगचं सांगतोय, बाकी कार्ड गेम्समधे क्रम वेगळा असू शकतो.

ब्लॉक ठरले की आधी बघा, कुठल्याही बाजूला फर्स्ट स्ट्राइक (आधी मारणं) किंवा डबल स्ट्राइक (आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मारणं) आहे का. असेल तर डॅमेज दोन फेऱ्यांत होतं. समजा फर्स्ट स्ट्राइकवालं 3/2 क्रीचर, म्हणजे लढणारं कार्ड (पहिला आकडा किती मारतं, दुसरा म्हणजे टफनेस, किती डॅमेजने मरतं), आणि समोर साधं 3/3, पहिल्या फेरीतच 3 बसले, समोरचं मेलं, आता उलटं मारायला कोण उरलंय? आणि पहिल्या फेरीचे ट्रिगर दुसरी फेरी सुरू व्हायच्या आधीच निकालात निघतात, हे लोक हमखास विसरतात.

मग डॅमेज. एका फेरीतलं सगळं एकाच क्षणी बसतं आणि ते स्टॅकवर, म्हणजे स्पेल (जादूची कार्डं) आणि ट्रिगर एकावर एक रचून थांबतात तिथे, जात नाही. जुने खेळाडू "आमच्या वेळी जायचं" म्हणतात ते खरंय, पण 2009 मधे तो नियम गेला. म्हणजे क्रीचर वाचवायचा स्पेल टाकायचाय तर ब्लॉक ठरल्यावर, डॅमेजच्या आधीच टाका, नंतर हात जोडून उपयोग नाही.

डॅमेज बसलं की लगेच गेम स्वतःच तपासणी करतो. कुणाचं लाइफ 0 किंवा खाली गेलंय, कुठल्या क्रीचरवर टफनेसइतकं डॅमेज झालंय, ते सगळे तिथल्या तिथे बाद. यात कुणालाच मधे काही खेळता येत नाही. ही तपासणी संपली की मगच ट्रिगर स्टॅकवर चढतात.

हे नीट कळायला एक उदाहरण. माझं लाइफ 2, समोरून दोन 3/3 येतायत, मी एकाला लाइफलिंकवाल्या (जितकं डॅमेज करेल तितकं लाइफ मिळवून देणाऱ्या) 3/4 ने अडवलं, दुसरं मोकळं आलं. 3 गेले पण लाइफलिंकचे 3 त्याच क्षणी मिळाले, तपासणीच्या वेळी लाइफ 2, मी जिवंत. आता त्याच कार्डवर लाइफलिंकऐवजी "हे क्रीचर डॅमेज करेल तेव्हा तितकं लाइफ मिळवा" असं लिहिलेलं असतं, तर तो झाला ट्रिगर, तो थांबून राहतो, तपासणीत लाइफ उणे 1 दिसतं आणि गेम खल्लास. "जेव्हा" आणि "जेव्हा जेव्हा" ने सुरू होणारं वाक्य दिसलं की ट्रिगर समजायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ वाद मिटतात.

दोघांचे ट्रिगर एकदम आले तर ज्याचा टर्न चालू आहे त्याचे आधी स्टॅकवर, समोरच्याचे त्याच्यावर, आणि वरचा आधी सुटतो. म्हणजे दोघांचं लाइफ 1, दोघांकडे "हे मेलं की प्रतिस्पर्ध्याला 1 डॅमेज" असलेलं सेम क्रीचर, दोन्ही एकमेकांना मारून मेली... तर अटॅक करणाराच हरतो! आणि हो, क्रीचर मेलं म्हणून त्याचा ट्रिगर मरत नाही, एकदा सुरू झाला की झाला.