गावाकडच्या जुगाड यंत्रांचे फोटो कसे काढावेत

सायकलचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल, त्याला मागे जोडलेली पास, म्हणजे तण कापणारं लोखंडी पातं, की झालं तण काढायचं सायकल कोळपं. बैलजोडी नसली तरी एकटा माणूस ते सोयाबीनच्या ओळींतून ढकलत नेतो. अशी यंत्रं महाराष्ट्रात गावोगावी आहेत, पण त्यांचे फोटो बहुधा लांबून, घाईत, गंमत म्हणून काढलेले असतात. यंत्र चालतं कसं, हे त्यातून कळतच नाही. तुमचा फोटो बघून दुसऱ्या गावच्या वेल्डरला तसंच यंत्र करता आलं पाहिजे, ही कसोटी ठेवा.

हंगाम बघून जा. कोळपी पेरणीनंतर काही आठवड्यांनी शेतात दिसतात, मळणीची यंत्रं सोयाबीन निघाल्यावर, गुऱ्हाळं दिवाळीच्या पुढे. एरवी सगळं गोठ्यामागे ताडपत्रीखाली असतं. पत्ता हवा असेल तर वेल्डिंगच्या दुकानात विचारा. कोणी काय जोडून नेलं, हे तिथे पक्कं माहीत असतं.

आधी बोला. "दादा, हे तुम्हीच केलंय का? जरा चालवून दाखवता का?" एवढं विचारलं की माणूस खुलतो. बोलताना तो ज्या भागाला सारखा हात लावतो, तो भाग जवळून टिपायचाच.

पहिला फोटो पूर्ण यंत्राचा. बाजूने काढा, खाली बसून, कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर धरून. शेजारी मालक उभा असू द्या, म्हणजे आकार कळतो. दुपारच्या उन्हात पत्रा चमकतो आणि तेलकट लोखंड काळं पडतं. सकाळ किंवा कलता दिवस बरा.

मग ताकदीचा माग काढा. इंजिन, पुली, पट्टा, गिअरबॉक्स, शेवटी चाक किंवा पास, याच क्रमाने एकेक फोटो. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांची जोडणी आणि शेतीची अवजारं बसवली; ती 'बुलेट सांती'. तिचा समोरून काढलेला फोटो साध्या बुलेटसारखा दिसेल. कसब सगळं मागे आहे.

जोडांवर जास्त वेळ द्या. एका गाडीचा भाग दुसरीला जिथे जोडलाय, तिथलं वेल्डिंग, वायसर, कापलेली पट्टी अगदी जवळून घ्या. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी घरी केलेली छोटी जीप २०२१ च्या अखेरीस देशभर गाजली. ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होते. अशा गाडीच्या किकचा जवळून काढलेला एक फोटो अख्ख्या गाडीच्या दहा फोटोंहून जास्त सांगतो.

फिरणारं चाक. डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २५ झाले. शटर १/२००० सेकंद ठेवलं तर चाक थिजल्यासारखं दिसतं, जणू इंजिन बंदच आहे. १/६० ठेवा, तेवढ्या वेळात चाक जवळजवळ अर्धा फेरा घेतं आणि गती दिसते. भर उन्हात मोबाईलवर हे जमत नाही, फोटो पांढराफटक येतो. शेडमध्ये किंवा संध्याकाळी, प्रो मोड (शटर हाताने ठरवायची सोय) लावून आणि फोन कशावर तरी टेकवून काढा.

घरच्या यंत्रांना पट्ट्यावर जाळी क्वचितच असते. चालू यंत्राजवळ गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा नको, ओढणी-उपरणं खोचून घ्या, आणि वाकून बघायचं ते इंजिन बंद करूनच.

फोटो कुठेही टाकण्याआधी मालकाला विचारा. मोटार वाहन कायद्यात गाडीत मनाने बदल करायला मुभा नाही, म्हणून नंबर प्लेट झाका. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. पेटंटचा अर्ज करण्याआधीच यंत्राची रचना जगजाहीर झाली, तर अर्ज अडचणीत येऊ शकतो. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही सरकारी संस्था अशा ग्रामीण संशोधकांना पेटंटसाठी मदत करते, हे मालकाला सांगा. त्याचा तसा विचार असेल तर अर्ज दाखल होईपर्यंत फोटो कुठेही टाकू नका.