जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप: उघडायचा कधी, सोडायचा कधी

आमच्या काकांचा बी-२७५ ट्रॅक्टर मुंबईतल्या गोराईला शेडखाली उभा असतो. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढलेल्या कंपनीचा हा माल, कांदिवलीत तयार झालेला. म्हणजे जन्मगाव खाडीच्या पलीकडेच! दर पावसाळ्यानंतर तो एकदा रुसतो आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "पंप गेला." पंप म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा इंजेक्शन पंप. आजवर तो खरोखर गेला तो एकदाच. बाकी प्रत्येक वेळी दोष टाकी आणि पंप यांच्यामधल्या नळीत, गाळणीत नाहीतर वॉशरमध्ये सापडला. म्हणून पाना हातात घेण्याआधी तपास करा.

स्टार्टर मारताना सायलेन्सरकडे बघा. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल जातंय पण पेटत नाही. तिथे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) किंवा टायमिंगचा, म्हणजे डिझेल फवारण्याच्या क्षणाचा, संशय घ्यावा. चालू होऊन थोड्या वेळाने बंद पडत असेल तर बहुतेक वेळा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असतं किंवा टाकीतली जाळी गाळाने भरलेली असते. झाकण सैल करून चालवून बघा, पैसे लागत नाहीत.

मग टाकीचा कॉक, पाणी साठणारा कप, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप), फिल्टर असं डिझेलच्या वाटेने पुढे सरका. आमच्याकडची खारी हवा आणि अर्धी रिकामी टाकी, म्हणजे आत दव जमून पाणी होणारच. कपाच्या तळाशी वेगळा थर दिसला तर तो पूर्ण काढा आणि फिल्टर बदला. फीड पंपाच्या आधीच्या नळीची गंमत अशी, की तिथे फट असली तरी डिझेल बाहेर गळेलच असं नाही. पंप ओढतो तेव्हा हवा मात्र आत शिरते. त्यामुळे नळी कोरडी दिसली म्हणून तिला निर्दोष समजू नका. तांब्याचे वॉशर नवे घाला. जुनेच वापरायचे असतील तर लाल होईपर्यंत तापवून गार करा, तांबं परत मऊ होतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर असे वॉशर आणि ओ-रिंग मिळतात. नमुना खिशात घेऊन जा, अंदाजाने माप सांगू नका.

एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढण्याचा क्रम चुकवू नये. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की चालू धारेतच स्क्रू आवळा. नंतर इंजेक्शन पंपावरचे स्क्रू, त्याच रीतीने. शेवटी नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करून इंजिन स्टार्टरने फिरवा, डिझेल ओघळू लागलं की आवळा. या नटांजवळ बोट नेऊ नका. नोझल २०० बारच्या आसपास उघडतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत जाते, वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत मांस सडू लागतं. असं झालं तर लगेच इस्पितळ गाठायचं, उद्यावर ढकलायचं नाही. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

इंजिन चालतंय पण मिस मारतंय, तर एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करा. ज्या सिलिंडरला आवाजात फरक पडत नाही तो आळशी. तिथला नोझल शेजारच्याशी बदलून बघा; दोष नोझलबरोबर सरकला तर पंपाला दोष देऊ नका.

एवढं करूनही गाडी हटून बसली, तर पंपाकडे वळायचं. जुन्या ट्रॅक्टरवर दोन जाती दिसतात. एक इनलाइन: लांबट, वर प्रत्येक सिलिंडरची वेगळी नळी ओळीने, आतमध्ये प्रत्येकासाठी वेगळं एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबणारा प्लंजर (दट्ट्या) आणि तो ज्यात सरकतो ते बॅरल. दुसरी रोटरी, मेकॅनिक जिला सरळ डीपीए म्हणतात: गोल, एकाच डोक्यातून सगळ्या नळ्या निघतात.

घरी काय करता येतं ते जातीवर ठरतं. इनलाइनला हवेवर चालणारा गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) असेल तर त्यातलं डायाफ्राम, म्हणजे पातळ पडदा, जागेवरच तपासता येतं. स्टॉपचा दांडा ओढून धरा, हवेच्या नळीचं भोक बोटाने बंद करा, दांडा सोडा. दांडा थोडा सरकून रेंगाळला तर डायाफ्राम ठीक. झटकन परत गेला तर फाटलंय. इंजिन उगाच वर-खाली होण्याचं हे एक नेहमीचं कारण. शिवाय पंपाच्या तळाशी कॅमच्या (एलिमेंट वर ढकलणाऱ्या दांड्याच्या) खणातलं ऑइल बघा. पातळी आपोआप वाढली असेल तर ती बरकत नव्हे, एलिमेंट झिजून डिझेल खाली उतरतंय.

डीपीएचं वरचं झाकण काढलं की दांड्यांची जोडणी आणि डिझेलचं माप ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह दिसतो. आधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात होती हे डोक्यात राहत नाही. व्हॉल्व्ह हलक्या बोटाने फिरायला हवा. वर्षभर उभ्या ट्रॅक्टरवर तो चिकटतो आणि अख्खा पंप बदनाम होतो. झाकणाची गास्केट, दांड्याच्या ओ-रिंग बदलणंही घरचं काम. फक्त चिंधी किंवा कॉटन वेस्ट वापरू नका, तंतू आत जातात.

याच्या पुढे हात आवरा. प्लंजर आणि बॅरलमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते, केसाच्या जाडीच्याही किती तरी खाली. जोड्या एकमेकांसाठी घासलेल्या, त्या अदलाबदल करता येत नाहीत. एलिमेंट, हायड्रॉलिक हेड (डीपीएचं नळ्या निघणारं डोकं), डिलिव्हरीचं प्रमाण हे काम कॅलिब्रेशन बेंच, म्हणजे पंप फिरवून मोजायचं यंत्र, असलेल्या दुकानाचं. "बेंचवर लावून दाखवतो" म्हणेल त्याच्याकडेच पंप द्यावा. कानाने सेट करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

उतरवताना आधी बाहेरून सगळं धुऊन घ्या, पण तापलेल्या पंपावर गार पाणी मारू नका, रोटर जाम होतो. नळ्या सोडताना दोन पाने वापरा: एकाने पंपावरचा युनियन धरायचा, दुसऱ्याने नट. प्रत्येक तोंडाला बूच लावा. पंपाची फ्लँज (इंजिनला टेकणारी कडा) आणि इंजिन यांवर एकच रेघ टोकदार अणीने ओढा. मी एकदा रेघ न ओढता पंप काढला होता, दोन रविवार टायमिंगमध्ये गेले. पंप बाहेर असेपर्यंत इंजिन फिरवू नका. आणि आतलं डिझेल पूर्ण ओता. लोकलमध्ये ज्वलनशील पदार्थ नेता येत नाहीत, शिवाय गोराईच्या बोटीत शेजारच्याची पिशवी भिजली की वेगळंच प्रकरण होतं.

परत बसवताना डीपीएच्या शाफ्टवरचा रुंद दात खाचेत बसतो, म्हणजे उलटा लागत नाही. फ्लँजवरची रेघ जुळवा, आवळा. इनलाइनची रेघ हरवली असेल तर पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून वरचा युनियन परत लावा, दांडा चालू स्थितीत ठेवा आणि फीड पंपाचा हातदांडा मारत राहा. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर असताना इंजिन हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. युनियनमधून येणारं डिझेल ज्या क्षणी थांबतं तिथे इंजेक्शन सुरू होतं. फ्लायव्हीलवरची खूण त्याच वेळी जुळली पाहिजे. अंश किती ते त्या इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे. पुढे गेलात तर बरंच मागे येऊन पुन्हा या, नाहीतर गिअरमधली ढिलाई फसवते. जुळलं की व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग परत बसवायला विसरू नका.

पुन्हा एअर काढा. पहिल्या स्टार्टला एक माणूस लाकडी फळी घेऊन हवेच्या तोंडापाशी उभा करा, एअर क्लीनरची नळी काढून. रॅक (पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) फुल्लवर अडकला तर इंजिन बेफाम पळतं आणि स्टॉपचा दांडा ऐकत नाही. तेव्हा हवा कोंडणं हाच उपाय. तिथे हात किंवा कापड लावायचं नाही, फळीच. वीसेक मिनिटं चालवा, गार होऊ द्या, मग सगळे नट एकदा पुन्हा तपासा.