सत्ताकारण आणि अर्थकारणावरचं पुस्तक वाचताना ताळा कसा करायचा

असं पुस्तक पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेऊ नका. आधी मूळ आवृत्तीचं साल शोधा. मराठी अनुवाद असेल तर अनुवादाचं नव्हे, मूळ पुस्तकाचं. २००७ च्या पुस्तकाला पुढच्या वर्षीचं बँकांचं संकट माहीत नसतं, २०२१ च्या पुस्तकाला युक्रेनचं युद्ध. मग लेखकाचा पेशा बघा. निवृत्त राजदूताला भेटीगाठी आणि करार मोठे वाटतात, बँकेतल्या अर्थतज्ज्ञाला व्याजदर. दोघंही प्रामाणिक असतात, पण दिसतं ते जागेप्रमाणे. त्यानंतर तासभरात प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचून लेखकाचं म्हणणं एका वाक्यात वहीत उतरवा. ते जमलं नाही तर पुढे जाऊ नका, प्रस्तावना पुन्हा वाचा. बरेच वाचक तिसऱ्या प्रकरणात अडकतात ते इथेच घाई केल्यामुळे: परिषदा, करार, नावं येत राहतात आणि ती कशासाठी आली ते कळत नाही.

वहीत चार रकाने आखा: दावा, पुरावा, साल, दुसरं कारण. पुस्तक नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलेलं असेल तर त्यावर पेन्सिलही चालवू नका. १८४० पासून चाललेल्या संस्थेचं पुस्तक आपल्यानंतरही कुणी वाचणार आहे.

चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा, आणि तो भरायचा सराव नाशिककराला घरबसल्या करता येतो. कांदा घ्या. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून स्वस्त बाहेर विकता येत नाही) आलं, ८ डिसेंबरपासून थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान होतं २० मे ला. तारखा अशा ओळीने मांडल्या की ‘निवडणुकीमुळे बंदी उठली’ हे वाक्य आपोआप तयार होतं. ते खरं असेलही, पण तारखांची जवळीक म्हणजे पुरावा नव्हे. चौथ्या रकान्यात लिहा: २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, मे पर्यंत उन्हाळ कांदा बाजारात आला होता. मग लासलगावच्या बाजार समितीचे त्या आठवड्यांतले भाव आणि आवक शेजारी मांडा. भाव पाहताना कमाल भावाला भुलू नका, सरासरी घ्या. कमाल भाव दोन-चार ट्रॅक्टरांनाच मिळालेला असू शकतो. आणखी एक नोंद हवीच: बंदी चालू असतानाही बांगलादेश, श्रीलंका, भूतान, संयुक्त अरब अमिराती अशा देशांना सरकारी परवानगीने कांदा गेला. शेजाऱ्यांशी आणि मित्रदेशांशी संबंध राखायला धान्य-भाजीपाला कसा वापरतात, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? हा अभ्यास एकदा केला की तेलावरचं किंवा गव्हावरचं प्रकरण वाचताना लेखकाने कुठली कारणं गाळली ते लगेच खटकतं.

आकड्यांत घोटाळा बहुधा अनुवादात होतो. बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे १०० कोटी. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. दोन्हींत हजारपटीचा फरक. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली तेव्हा ते कर्ज सुमारे ५१ अब्ज डॉलर होतं. तिथे ‘लाख कोटी’ छापलं गेलं तर श्रीलंकेचं कर्ज अमेरिकेच्या त्या वर्षीच्या जीडीपीच्या जवळपास दुप्पट होईल. डॉलरचे रुपये करताना त्या वर्षीचा दर लावा: जून १९६६ च्या अवमूल्यनात डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, आजचा दर तिथे चालणार नाही. आणि ‘सर्वांत मोठी अर्थव्यवस्था’ म्हटलं की मोजमाप विचारा. बाजारातल्या विनिमय दराने अमेरिका पुढे, क्रयशक्तीने, म्हणजे त्या पैशात तिथे किती वस्तू येतात त्या हिशेबाने, चीन. लेखक सोयीप्रमाणे मोजमाप बदलत असेल तर समासात नव्हे, वहीत खूण करा.

नकाशा उघडा ठेवा. होर्मुझ, बाब-अल-मंदेब, सुएझ, मलाक्का या जहाजांच्या चार अरुंद वाटा ठाऊक असल्या की निम्मं पुस्तक सोपं जातं. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या आपल्या द्राक्षांची जवळची वाट बाब-अल-मंदेब आणि सुएझमधून आहे. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर ती आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. तसंच रशियावरच्या निर्बंधांचं प्रकरण वाचताना नाशिकजवळचा ओझरचा विमान कारखाना डोळ्यांसमोर ठेवा: तिथली मिग आणि सुखोई विमानं सोव्हिएत आणि नंतर रशियन परवान्यावर बनली.

एका बैठकीत वीसेक पानं पुरेत. पुस्तक संपलं की त्याच विषयावरचं उलट बाजूचं दुसरं आणा, वॉशिंग्टनहून लिहिलेलं पहिलं असेल तर दुसरं आशियातल्या किंवा आफ्रिकेतल्या लेखकाचं, आणि तीच वही पुढे चालवा. दोघांनी एकच घटना वेगळ्या सालापासून सुरू केली असेल, तर तिथून वाचायला घ्या.