दक्षिण बर्गंडीत सायकलवर जाण्याआधी

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, हेल्मेट, पंक्चरचं सामान हे सांगायला नको. वैद्यकीय विमा ३०,००० युरोंचा लागतोच, त्याशिवाय व्हिसा मिळत नाही, त्यामुळे तोही विसरायची सोय नाही. विसरतं ते जेवण. फ्रान्सच्या खेड्यात दुपारी बाराच्या सुमारास दुकानं बंद होतात ती दोनपर्यंत, काही तीन-साडेतीनपर्यंत. दोननंतर हॉटेलात गेलात तर स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी सातला उघडणार. रविवारी दुपारनंतर शुकशुकाट. आणि सोमवारी, रविवारी सकाळी उघडी असलेली बेकरीसुद्धा बऱ्याच गावांत बंद. मागच्या वेळी मी सनस्क्रीनपासून सुट्या स्पोकपर्यंत सगळं बघितलं होतं, वार बघितला नव्हता. ही यादी त्या सोमवारामुळे लिहितोय.

म्हणून आधी कॅलेंडर, मग नकाशा. सोमवार कुठल्या गावात पडतोय ते बघा आणि त्या दिवसाचा मुक्काम त्यातल्या त्यात मोठ्या गावात ठेवा. मे महिना हवेला छान, पण १ मे, ८ मे, असेन्शनचा गुरुवार आणि पेंतकोतचा सोमवार (हे दोन ख्रिस्ती सण) या सगळ्या सार्वजनिक सुट्ट्या. यांतले काही मे-जूनमध्ये ईस्टरप्रमाणे पुढेमागे सरकतात, तेव्हा त्या वर्षीच्या तारखा बघा. जुलैत १४, ऑगस्टमध्ये १५. ऑगस्टमध्ये बेकरीवालेही स्वतः सुट्टीवर जातात. जून किंवा सप्टेंबर घ्या आणि मोकळे व्हा.

आता मार्ग. शालों-स्युर-सोनजवळचं जिव्री ते क्ल्युनी, ४४ किलोमीटर. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये फ्रान्सची पहिली ‘व्होआ व्हेर्त’, म्हणजे मोटारींना बंदी असलेला डांबरी हरितमार्ग, इथेच सुरू झाली. आगगाडीसाठी आखलेला रस्ता, त्यामुळे चढ असा जाणवतच नाही. वरंधा किंवा ताम्हिणी चढणाऱ्यांना पहिल्या दोन तासांतच वाटेल की हे काय, अगदीच सपाट. पण सुरुवातीला जिव्री आणि ब्युक्सीचे द्राक्षमळे, पुढे कुरणांत पांढऱ्या शारोले गाई, अधूनमधून जुन्या स्टेशनांच्या इमारती आणि कानावर फक्त स्वतःच्या साखळीचा आवाज. क्ल्युनीच्या अलीकडे तेझे लागतं, तिथे १९४० मध्ये सुरू झालेला ख्रिस्ती मठ आहे आणि उन्हाळ्यात जगभरची तरुण मुलं तिथे राहायला येतात. क्ल्युनीचा मठ ९१० सालचा. त्याचं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यांत मोठं होतं. क्रांतीनंतर दगडांसाठी पाडलं, आता थोडाच भाग उभा आहे. त्यासाठी अर्धा दिवस ठेवा, धावतपळत बघू नका.

सपाटीचा कंटाळा आला तर कोरमातांला मार्ग सोडून डी १४ हा रस्ता धरा: शापेझ, ब्रांसियों, मग खाली तुर्न्यू. शापेझच्या अकराव्या शतकातल्या चर्चचा मनोरा शेतांतून लांबूनच दिसायला लागतो. ब्रांसियोंच्या खिंडीला खरा चढ आहे, पण त्याला घाट म्हणायची आपल्याला लाज वाटेल. या फाट्यावर गावं चिमुकली आहेत. शापेझला पोचून जेवू, असं ठरवून निघू नका. पिशवीत दुपारचं जेवण असल्याशिवाय कोरमातां सोडायचंच नाही. परत सांगतो, कारण लोक ऐकतात आणि तरीही जातात.

रस्ते निवडताना मिशलँच्या कागदी नकाशावरचे पांढरे रस्ते बघा. लाल आणि बहुतेक पिवळे सोडा. ज्याला हिरवी कड आहे तो रस्ता देखणा असतो, रिकामा असेलच असं नाही. शालों ते क्ल्युनी डी ९८१ हरितमार्गाच्या जवळूनच जातो आणि मोबाइल तुम्हाला हळूच त्यावर ढकलतो. त्या रस्त्यावर गाड्या सुसाट जातात. टाळा.

सायकल इथून नेऊ नका. खोक्यात भरणं, विमान, मग गाडी बदलताना ते धूड उचलणं, यात दोन दिवसांचा जीव जातो. तिथे भाड्याने मिळते, आधी बुक करा. ताब्यात घेताना ब्रेक बघा: तिथल्या बहुतेक सायकलींना डावा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपला हात उलटा शिकलेला, उतारावर जोरात दाबलात तर तोंडावर. दुकानासमोरच दहा मिनिटं फिरून घ्या. ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा, आहे का बघून त्याला चालणारा पंप मागा.

रहदारी उजव्या बाजूने. ती सवय लवकर लागते, चौक मात्र फसवतात. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावं लागतं, मग तो अगदी बोळातून येवो. कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे, दंड १३५ युरो. वस्तीबाहेर रात्री किंवा अंधूक प्रकाशात चमकणारं जाकीट सक्तीचं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. मोठ्यांना नाही, तरी घाला.

क्ल्युनीहून माकोंकडे जायचं तर वाटेत बोआ क्लेअरचा बोगदा, सुमारे १.६ किलोमीटर, पूर्वीचा रेल्वेचाच. आत दिवे आहेत, पण जूनमध्येही गार असतो, विंडचीटर वरच्या खिशात ठेवा. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी तो बंद करतात, तेव्हा डोंगरावरून जावं लागतं. वटवाघळांनाही तिथे सुट्टी आहे.

पाणी सोपं आहे. गावाबाहेरच्या दफनभूमीत झाडांना पाणी घालायला नळ असतो. ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर प्या, मध्ये ‘नों’ असेल तर चेहरा धुवा. खाण्याला असा जुगाड नाही. पुण्याहून शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेले चणे न्या. पेढे, बर्फी नको, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. दशम्या दुधात भिजवल्या होत्या की पाण्यात, हा वाद विमानतळावर घालायचा नसेल तर त्याही घरी ठेवा. शाकाहारी असाल तर जास्तच साठा हवा. खेड्यातल्या हॉटेलातला शाकाहार बहुधा ऑम्लेट नाहीतर सॅलड, आणि पुष्कळ फ्रेंच चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं. शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये जाऊन रविवार-सोमवारचं खाणं एकदम घ्या. शनिवारी. काही गावांत पाव देणारं यंत्र असतं, चिल्लर ठेवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका, दुपारपर्यंत ते रिकामं झालेलं असू शकतं. जेवणाला पावणेबाराला हॉटेल शोधायला लागा, बाराला बसा. ‘अजून दहा किलोमीटर मारू, मग बघू’ म्हणणाऱ्या सोबत्याला तिथेच थांबवा.

तिथे पोचायला पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून लियोंला जाणारी प्रादेशिक गाडी शालों, तुर्न्यू, माकों तिन्हीकडे थांबते. परतीला माकोंहून सोन नदीकाठच्या ‘व्होआ ब्ल्यू’ने तुर्न्यूवरून शालोंला या, सपाट आहे, वारा समोरून असला तर मात्र दमवतो. कपडे तीन जोड पुरतात. औषधं, चार्जर, दोन पट्ट्यांची पिशवी. आणीबाणीला ११२. सायकल परत करताना तिचे फोटो काढा आणि दुकानाची वेळ आधी विचारून ठेवा, बारा ते दोन तेही बंद. अनामत कार्डावर अडकवतात, ती मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात, तेवढी शिल्लक वेगळी ठेवा.