कंपनीतील संगणकांच्या विंडोज परवान्यांची तपासणी कशी करावी

संगणकावर विंडोज सक्रिय झालेली असणे आणि कंपनीकडे तिचा परवाना असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापराचा हक्क करारातून मिळतो आणि तो खरेदीच्या कागदपत्रांवरूनच सिद्ध करावा लागतो. सेटिंग्जमधील हिरवी खूण तेथे कामाची नाही.

प्रथम प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, विभाग आणि विंडोजची आवृत्ती यांची नोंद करावी. कपाटात पडून असलेले लॅपटॉप आणि आभासी यंत्रे (एका संगणकात सॉफ्टवेअरद्वारे चालणारे स्वतंत्र संगणक) हमखास सुटतात, तीही या यादीत घ्यावीत. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर ही आज्ञा डीएलव्ही या पर्यायासह (slmgr /dlv) चालवावी. उघडणाऱ्या चौकटीतील वर्णनाच्या ओळीत परवाना ओईएम (नव्या यंत्रासोबत आलेला), रिटेल (सुटा विकत घेतलेला) की व्हॉल्यूम (संस्थेने अनेक यंत्रांसाठी एकत्रित करारातून घेतलेला) प्रकारचा आहे, हे दिसते. त्याच ओळीत केएमएस क्लायंट (म्हणजे संस्थेच्या सर्व्हरकडून सक्रिय होणारे यंत्र) असे लिहिलेले असेल, यंत्र सक्रियही असेल, आणि कंपनीने व्हॉल्यूम करार मात्र कधीच केलेला नसेल, तर कोणीतरी बेकायदा अ‍ॅक्टिव्हेटर वापरल्याची दाट शक्यता असते. केएमएसची सक्रियता 180 दिवसांपुरती असून ती सर्व्हरकडून वेळोवेळी नव्याने घ्यावी लागते, त्यामुळे चौकटीत खाली दिसणारे केएमएस सर्व्हरचे नाव आपल्याच नेटवर्कमधील आहे का, हेही तपासावे.

सर्वाधिक चुका व्हॉल्यूम परवान्यांबाबत होतात. डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा मूलतः अपग्रेडचा परवाना आहे. यंत्राकडे आधीपासून प्रो किंवा तत्सम पात्र आवृत्तीचा मूळ परवाना असेल, तरच तो लागू होतो. ऑपरेटिंग सिस्टीमविना स्वस्तात घेतलेली किंवा होम आवृत्तीसह आलेली यंत्रे त्यावर चालवणे, मग व्हॉल्यूमची की (सक्रियतेसाठीचा सांकेतिक क्रमांक) कितीही अस्सल असो, नियमबाह्य ठरते. ओईएम परवाना तर ज्या यंत्रासोबत आला त्याच्याशीच बांधलेला असतो, त्यामुळे यंत्र भंगारात काढले की तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही.

विंडोज सर्व्हरचा हिशेब प्रोसेसरच्या कोअरवर होतो आणि प्रत्येक सर्व्हरसाठी किमान 16 कोअरचे परवाने घ्यावे लागतात. शिवाय सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या वापरकर्त्यांसाठी किंवा उपकरणांसाठी क्लायंट अ‍ॅक्सेस परवाने, आणि रिमोट डेस्कटॉप सेवा दिली असल्यास त्याचे आणखी वेगळे परवाने लागतात. डेबियनसारख्या लिनक्सच्या वापराला शुल्क नाही; रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची सदस्यता मात्र मोजावी.

अखेरीस यादीतील प्रत्येक यंत्रापुढे बीजकाचा क्रमांक लिहावा. विक्रेत्याने बीजकावर नुसते ‘संगणक संच’ असे लिहिले असेल, तर विंडोजच्या आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख असलेले बीजक मागून घ्यावे. जुन्या खरेदीसाठी हे जिकिरीचे होते, पण विक्रेता संपर्कात आहे तोवरच ते शक्य असते. ज्या यंत्रापुढची जागा रिकामी राहील त्याचा परवाना अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. संकेतस्थळांवर नगण्य किमतीत मिळणारी की पुष्कळदा दुसऱ्याच संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून बाहेर पडलेली असते, आणि तिच्यासोबत आलेल्या पावतीने कंपनीला कोणताही हक्क मिळत नाही.